पुसणाऱ्यास पुसावे कोणी

चित्तशुद्धी हा शब्द आपल्या धर्मवाङ्मयात इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे योजिला गेला आहे की, ज्या साधनाने चित्त शुद्ध करावयाचे ते साधन तरी शुद्ध आहे काय, ही चौकशी करण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आणि आलेच, तर ते उद्धटपणात जमा होते. जपाने मन निर्मळ होते, हे ठीक. पण जप ज्याने करावयाचा तेही मनच, आणि जपाची संख्या मोजून तिच्यावर फुगणारेही मनच. प्रस्तुत लेखकापुढे हा पेच प्रथम एखाद्या ग्रंथाने टाकला नाही. बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सरहद्दीवरील रस्त्यांवर, मृगाच्या पहिल्या पावसात, मोटारीच्या पुढच्या काचेवर फिरणाऱ्या, आणि पुष्कळदा फिरावयास साफ इन्कार करणाऱ्या, वायपराने तो टाकला; आणि विषयाची ही उत्पत्ती थोडी हास्यास्पद वाटली तरी ती लपवून ठेवण्याचे काही कारण दिसत नाही.

हा मुलूख ज्यांनी उन्हाळ्यात पाहिला आहे त्यांना या इन्काराचे मूळ सांगावयास नको. पुण्याहून हैदराबादेकडे जाणारा राजमार्ग सोलापूर आणि उमरगा मागे टाकून बसवकल्याण-हुमनाबादच्या बाजूला शिरला, की काळी जमीन हळूहळू सरते आणि बिदरच्या पठाराची तांबडी, जांभ्याची माती सुरू होते. खाली कलबुर्गीच्या अंगाला वळले तर पुन्हा तुरीची काळी राने. दिवाळीपासून वैशाखापर्यंत या दोन्ही मातींची धूळ, मालमोटारींच्या डिझेलचा धूर, आणि सुगीच्या दिवसांतला भुसा यांचा एक चिवट थर प्रत्येक गाडीच्या काचेवर बसत असतो, आणि त्याच काळात वायपराचे रबर चाळीस अंशांहून अधिक तापणाऱ्या उन्हात, कोणतेही काम न करता, काचेला टेकून नुसते भाजत पडलेले असते. मग ज्येष्ठातल्या एखाद्या संध्याकाळी वावटळीमागोमाग पाऊस येतो, चालक बटण दाबतो, आणि जी काच पुसून निघावयाची ती क्षणार्धात चिखलाने सारवली जाते; म्हणजे शुद्धीचे साधन वापरण्यापूर्वी जेवढे दिसत होते, तेवढेही ते वापरल्यानंतर दिसत नाही.

अशा वेळी माणूस पहिला दोष पावसाला देतो. दुसरा काचेला देतो. स्वतःच्या वायपरावर त्याचा संशय सर्वांत शेवटी जातो, याचे कारण वायपर ही वस्तूच मुळी दोष काढण्यासाठी बसवलेली, आणि जो दोष काढण्यासाठी नेमलेला असतो त्याच्याकडे बोट दाखविण्याचा शिरस्ता आपल्याकडे नाही. फौजदाराची फिर्याद फौजदाराकडे कोण नेणार?

तथापि रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसणारा मेस्त्री हा शिरस्ता पाळीत नाही. १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या अंमलाखाली होता, १९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्याने सत्तावीस बसगाड्यांनिशी राज्यात मोटार-वाहतूक सुरू केली, आणि १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे उदगीर-निलंगा एकीकडे व भालकी-हुमनाबाद दुसरीकडे गेले. या सगळ्या घडामोडींतून मराठी, कन्नड आणि दखनी अशा तीन भाषा एकाच वाक्यात घेऊन वावरणारा हा कारागीर निपजला आहे. त्याची तहकीकात पाहण्यासारखी असते. तो प्रथम हत्याराला हात लावीत नाही. "सायेब, बटण दाबा अन् गप ऱ्हावा. पयलं मोटर बोलती का न्हाई ते आयकू," असे म्हणून तो कान देतो. मोटर मुळीच बोलली नाही तर प्रथम फ्यूज, मग तारेचे जोड आणि अर्थिंग, मग बटण, आणि हे सारे निर्दोष ठरले तरच मोटर. मोटर बोलते पण दांडे हलत नाहीत, तर दांड्याच्या बुडाचा नट ढिला झाला असावा, किंवा ज्या दात्यांवर दांडा बसतो ते झिजले असावेत, किंवा आतला जोड निखळला असावा. दांडे फिरतात पण काच साफ होत नाही, तर विजेचा काही संबंधच नाही, गुन्हा रबराचा किंवा काचेवरच्या थराचा. आणि बटण बंद केल्यावर दांडे जर काचेच्या मधोमध जागच्या जागी थिजले, तर मोटरीच्या पोटात जी एक लहानशी चकती त्यांना घरी पोहोचवून मगच वीज तोडते, तिचा संपर्क बिघडला असे समजावे.

या क्रमात एक न्यायशास्त्र आहे, आणि ते ज्या भूमीत आहे तिला शोभणारे आहे. आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचे कल्याण. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली, आणि पुढे शतकानुशतके हिंदुस्थानच्या बहुतेक भागांत वारसाहक्काचे फैसले तिच्या आधाराने झाले. याज्ञवल्क्याचे म्हणणे असे की, व्यवहारात लेख, भोग आणि साक्षीदार ही तीन प्रमाणे. यांतले एकही हाती नसेल तरच तुला, अग्नी, जल, विष आदि दिव्यांकडे वळावे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी पावसात वायपर बंद पडताच शहरात जाऊन एकदम नवी मोटर बसवून घेतली, आणि दुसऱ्या पावसात असे निघाले की फ्यूज जळलेला होता. फ्यूज पाहण्यापूर्वी मोटर बदलणे हे लेख आणि साक्षीदार बाजूला सारून आरोपीच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवण्यासारखे आहे. विज्ञानेश्वराने ते बेकायदेशीर ठरविले असते.

परंतु कायद्याहून खोल असा एक वाद या तपासाच्या तळाशी आहे. कोणतेही ज्ञान खरे आहे हे ठरते कशावरून? नैयायिक म्हणतात, ते स्वतः ठरत नाही. त्या ज्ञानावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफल झाली, पाणी समजून गेलो आणि तहान भागली, म्हणजे मागाहून त्याचे प्रामाण्य सिद्ध होते. मीमांसक याच्या उलट म्हणतात की, ज्ञान हे उत्पन्न होतानाच प्रमाण म्हणून उत्पन्न होते. त्याला कोणाच्या दाखल्याची गरज नाही. ते अप्रमाण ठरते ते दोनच प्रसंगी, एक तर त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान उपजले तर, अथवा ज्या कारणांनी ते उपजले त्या कारणांत दोष आढळला तर. डोळ्याला कावीळ असल्याचे कळले, की शंख पिवळा दिसण्याची किंमत तत्क्षणी जाते. प्रथमदर्शनी नैयायिक सावध आणि मीमांसक भोळा वाटतो. पण हुमनाबादच्या रस्त्यावर, समोरून उसाची मालमोटार येत असताना, नैयायिकाचे मत घेऊन गाडी हाकता येणार नाही, कारण त्याच्या हिशेबाने रस्ता खरोखर तेथे होता की नाही, हे वळण पार झाल्यावर मुक्रर होणार. चालक हा अपरिहार्यपणे मीमांसक असतो. जे दिसते त्यावर तो विश्वास ठेवतो, आणि त्याची सारी सावधगिरी कारणदोषाकडे लागलेली असते. आणि कारणदोष हाच तर मेस्त्रीचा प्रांत. म्हणून शेडमधल्या त्या माणसाने कुमारिल भट्टाचे नावही ऐकलेले नसले तरी, आमच्या मते, तो श्लोकवार्तिकाच्या पंक्तीत बसावयास योग्य आहे.

आता रबराकडे यावे, कारण खरी तात्त्विक अडचण तेथे आहे. वायपराच्या रबराची जी पातळ कड काचेला टेकते, ती सरळ उभी नसते. दांडा ज्या दिशेला जातो तिच्या विरुद्ध बाजूला ती कलते आणि मागून ओढली जाते. टोकाला पोहोचून दांडा परतला की कडही उलटते आणि दुसऱ्या बाजूला कलते. ही उलटण्याची नम्रता रबरात आहे तोवर काच पुसली जाते. उन्हाने ते कडक झाले, एकाच कलावर ताठरले, की जाताना नीट जाते आणि येताना कड आडवी न होता काचेवर आदळत, थडथडत येते, व त्या थडथडण्याने पाण्याच्या पट्ट्या मागे राहतात. कडेला एका जागी चीर असेल तर दर फेरीला नेमक्या त्याच जागी एकच रेघ राहते, आणि ती रेघ बहुधा चालकाच्या डोळ्यांसमोर असते, हा जगाचा न्याय. सर्वांत वाईट म्हणजे, धुळीने भरलेल्या कोरड्या काचेवर असले रबर फिरविले, तर ते धुळीतले खडे स्वतःच्या कडेत धरून काचेवर कायमचे ओरखडे काढते.

कर्मठपणाचे याहून अचूक वर्णन करावयाचे म्हटले तरी सुचणार नाही. जे आचार आपल्या पूर्वजांनी मनावरची धूळ काढण्यासाठी लावून दिले, ते वापराविना, ओलाव्याविना, एकाच दिशेला कललेले राहून कडक होतात, आणि ऐन गरजेच्या वेळी जोराने फिरविले की धूळ तशीच राहून मनावर मात्र ओरखडे उमटतात. पतंजलीने अभ्यासाला दीर्घकाल, नैरंतर्य आणि सत्कार अशी तीन विशेषणे दिली आहेत; त्यांतल्या नैरंतर्याचा अर्थ आम्हांस या प्रदेशातल्या आठ कोरड्या महिन्यांनी उलगडून दाखविला. दोष कोरडेपणात वाढतो आणि पावसात उघडकीस येतो, म्हणून आपण तो पावसाच्या खात्यावर मांडतो.

येथे जुन्या मोटारींची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ॲलाबामाच्या मेरी अँडरसन या बाईने न्यूयॉर्कच्या हिमवृष्टीत ट्रामच्या चालकाला काच उघडून भिजत गाडी हाकताना पाहिले, आणि आतून हाताने फिरवावयाच्या दांड्याचे पेटंट १९०३ च्या नोव्हेंबरात मिळविले. ते कोणी विकत घेतले नाही आणि मुदत संपून गेले. पुढे जे आपोआप फिरणारे वायपर आले, त्यांतले पुष्कळसे, पन्नाशीच्या दशकापर्यंत, इंजिनाच्या श्वासावर, म्हणजे इंजिन हवा आत ओढताना जी पोकळी निर्माण होते तिच्यावर, चालत. परिणाम असा की, गाडी निवांत उतारावर असली की वायपर उत्साहाने नाचत, आणि चढणीवर चालकाने पाय दाबला, इंजिनावर भार आला, की पोकळी कमी होऊन वायपर मंदावत आणि थबकत. विवेकाची हीच स्थिती नाही काय? ज्या मनाच्या बळावर विवेक चालावयाचा, तेच मन वासनेच्या चढणीला लागले की विवेकाला पुरवठा उरत नाही. उतारावर मात्र, कशाचाच मोह नसताना, आपण सारे मोठे विवेकी. कारखानदारांनी यावर उपाय केला तो वायपराला इंजिनाच्या श्वासावरून काढून बॅटरीच्या विजेवर नेण्याचा. साधकाला ही सोय करून घ्यावयाची तर मनाहून निराळा असा पुरवठा कोठून आणावयाचा? श्रद्धा, गुरुकृपा, नाम ही उत्तरे परंपरेने दिली आहेत. पण बॅटरीलाही भरणारे इंजिनच असते, हे मेस्त्री सांगेल, आणि धर्मोपदेशक बहुधा सांगणार नाही.

तेव्हा पुसणाऱ्यास पुसावे कोणी, या प्रश्नाला दोन उत्तरे या मातीत एकमेकांशेजारी नांदत आलेली दिसतात. एक अद्वैत्यांचे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात, जेथे माणिकप्रभूंनी १८६५ साली समाधी घेतली आणि जेथे सकलमत संप्रदायाची गादी आहे, तेथे वेदान्ताचे पठण आजही चालते. शंकराचार्यांच्या नावे असलेल्या आत्मबोधात निवळीच्या बियाचा दृष्टान्त आहे: गढूळ पाण्यात निवळी उगाळून टाकली की ती गाळाला घेऊन तळाशी बसते आणि स्वतःही पाण्यात उरत नाही, तसे ज्ञान जीवाचे अज्ञान नाहीसे करून स्वतःही नाहीसे होते. शोधकाला शोधण्याची गरजच येथे राहत नाही, कारण शोधक उरत नाही. उत्तर मोठे देखणे आहे. परंतु ते घागरीतल्या स्थिर पाण्याला लागू पडते, ज्यात नवा गाळ येण्याची वाट बंद झालेली आहे. चालत्या गाडीच्या काचेवर, पाऊस पडत असता, स्वतः विरघळून जाणारा वायपर काय कामाचा?

दुसरे उत्तर शरणांचे. बाराव्या शतकात याच कल्याणात, बिज्जळाच्या राज्यात, बसवेश्वरांच्या भोवती जो मेळा जमला, ज्याच्या अनुभवमंटपाचे अध्यक्षपद अल्लमप्रभूंकडे होते, त्यात मडिवाळ माचय्या नावाचा परीट होता. शरणांची वस्त्रे धुणे हे त्याचे कायक. त्या मेळ्यात दोरखंड वळणारा नुलिय चंदय्या होता, कातडे कमावणारा डोहार कक्कय्या होता. परंतु आपल्या प्रश्नाला माचय्या जवळचा, कारण त्याच्या कामाला शेवट नाही. आज धुतलेले वस्त्र उद्या मळणार, हे ठाऊक असून तो धुतो. ते मळते म्हणून त्याचे धुणे व्यर्थ ठरत नाही, आणि त्याचे हात मळतात म्हणून तो अशुद्ध ठरत नाही. शुद्धी ही येथे गाठावयाची अवस्था राहत नाही, ती नित्यकर्म होते. आम्ही स्वतः, निवळीच्या दृष्टान्ताचे सौंदर्य मान्य करूनही, माचय्याच्या बाजूला कौल देतो. निदान देहाची गाडी रस्त्यावर आहे तोवर.

या कौलाला एक अनपेक्षित साक्षीदार अमेरिकेत भेटतो. डेट्रॉइटकडचे प्राध्यापक रॉबर्ट कर्न्स यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी १९५३ साली लग्नाच्या रात्री शँपेनच्या बाटलीचे बूच लागून जवळजवळ गेली. पुढे पावसात गाडी हाकताना अखंड फिरणाऱ्या वायपराचा त्या अधू नजरेला त्रास होऊ लागला, तेव्हा त्यांच्या मनात आले की डोळा काही सतत मिटत-उघडत नाही, तो थांबून थांबून लवतो; आणि तसाच थांबून थांबून फिरणारा वायपर त्यांनी सिद्ध करून १९६४ साली पेटंटचा अर्ज केला. फोर्ड कंपनीशी त्यांनी १९७८ साली मांडलेला दावा १९९० मध्ये निकाली निघाला आणि कंपनीला १ कोटी २ लाख डॉलर द्यावे लागले; कोर्टकचेरीत त्या माणसाचे अर्धे आयुष्य आणि संसार गेला, हा भाग वेगळा. आम्हांला त्यात महत्त्वाची वाटते ती पापणी. महाभारताच्या वनपर्वात दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचेच रूप घेऊन बसले, तेव्हा तिने देवांना ओळखले ते त्यांच्या निर्मळपणावरून: अंगाला घाम नाही, हाराला धूळ नाही, पाय भूमीला टेकलेले नाहीत, आणि डोळ्यांची पापणी लवत नाही. ज्याचा हार कोमेजला होता, ज्याच्या अंगावर धूळ होती, आणि ज्याचे डोळे लवत होते, त्याच्या गळ्यात तिने माळ घातली. ज्यांना पुसावे लागत नाही असे चार उमेदवार समोर असताना तिने पुसावे लागणारा निवडला. चित्तशुद्धीवर प्रवचन करणाऱ्यांनी या प्रसंगाकडे जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिलेले आमच्या पाहण्यात नाही.

राहता राहिला अनवस्थेचा आक्षेप. काच रबर पुसते, रबराला मेस्त्री ओल्या फडक्याने पुसतो. काचेवरचा तेलकट थर फडक्यालाही दाद देत नाही तेव्हा तो विडीतली तंबाखू मोडून ओल्या काचेवर चोळतो, ज्यामुळे पाणी थेंब न धरता सपाट पसरते, आणि हा उपाय या बाजूच्या जुन्या चालकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मग फडक्याला कोण धुणार, त्या पाण्याला कोण गाळणार? कुमारिलाने या आक्षेपाला दिलेले उत्तर आम्हांला नेहमीच गमतीचे आणि शहाणपणाचे वाटत आले आहे: परीक्षा तीन-चार ज्ञानांपलीकडे लांबवावी लागत नाही. शंका जेथे सकारण आहे तेथवर जावे. दोष आढळला नाही तर थांबावे. केवळ शंका घेता येते म्हणून घेत बसू नये. मेस्त्रीचा तपासही आवाज, नट, रबर, थर एवढ्यावर संपतो.

तरी एक गोष्ट त्याच्याने होत नाही, आणि तेथे कुमारिलही पुरत नाही. सगळे झाल्यावर मेस्त्री बादलीतून काचेवर पाणी ओततो, वायपर चालू करावयास लावतो, आणि बाहेर उभा राहून आत बसलेल्याला विचारतो, "दिसतंय का?" बाहेरून काच चकचकीत दिसत असते, तरीही तो विचारतो, कारण आतून कसे दिसते याचा निर्णय बाहेरच्याला करता येत नाही. कागिणेच्या काठी मळखेडला ज्यांचे वृंदावन पूजिले जाते त्या जयतीर्थांचा द्वैतसिद्धान्त असा की, ज्ञानाचे प्रामाण्य शेवटी साक्षी ग्रहण करतो. साक्षी म्हणजे जीवाचे स्वतःचे इंद्रिय, ज्याला सुख-दुःख कळण्यात कधी चूक होत नाही, आणि म्हणून शंकेची साखळी त्याच्यापाशी तुटते. यावर कोणी म्हणेल की, आतला चालक म्हातारा असेल, त्याला मोतीबिंदू असेल, त्याच्या साक्षीचा भरवसा काय? काच नवी, रबर नवे, मोटर बोलते आहे, आणि तो म्हणतो आहे, दिसत नाही. मेस्त्री अशा वेळी हत्यारे आवरतो आणि त्याला डोळ्यांच्या दवाखान्याचा रस्ता दाखवितो, आणि जयतीर्थांचा पक्ष घेणाऱ्याने यात काही वावगे मानावयाचे कारण नाही: डोळा हा साक्षी नव्हे, तोही कारणांपैकीच एक, आणि त्याचाही तपास होऊ शकतो. साक्षी तो, ज्याला आपल्याला दिसत नाही हे कळले. आणि ते त्याला अगदी बरोबर कळले होते.